दारू, कर्करोग आणि हिशेबाचे दोन रकाने

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्यातला एक जिल्हा म्हणजे ईल-ए-विलेन. रेन हे त्याचे मुख्य शहर. सफरचंदाच्या बागांचा हा प्रदेश. सफरचंदाचा रस आंबवून केलेली सायडर आणि द्राक्षाची वाइन ही तिथल्या जेवणातली नित्याची पेये. या भागातील पुरुषांत अन्ननलिकेचा कर्करोग देशाच्या इतर भागांपेक्षा जास्त आढळत असे. असे का, हे शोधण्यासाठी ए. जे. ट्युइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९७२ ते एप्रिल १९७४ या काळात तिथल्या रुग्णालयांत निदान झालेले अन्ननलिकेच्या कर्करोगाचे २०० पुरुष रुग्ण घेतले. तुलनेसाठी मतदारयाद्यांमधून ७७५ निरोगी पुरुष निवडले. सर्वांना खाणे, पिणे आणि धूम्रपान यांविषयी बारकाईने प्रश्न विचारले. १९७७ साली प्रसिद्ध झालेली ही पाहणी आजही जगभर संख्याशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. आपल्या शाळेतही ती सहज शिकवता येईल, कारण तिला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

दिवसाला ८० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क पोटात जाणारे एका बाजूला आणि त्याहून कमी पिणारे, किंवा न पिणारे, दुसऱ्या बाजूला अशी विभागणी करा. २०० रुग्णांपैकी ९६ जण पहिल्या गटात होते आणि १०४ दुसऱ्या. ७७५ निरोगी पुरुषांत मात्र पहिल्या गटात फक्त १०९ आणि दुसऱ्यात ६६६. रुग्णांमध्ये जास्त पिणाऱ्यांचे कमी पिणाऱ्यांशी गुणोत्तर झाले ९६ भागिले १०४, म्हणजे ०.९२. निरोगी लोकांत हेच गुणोत्तर १०९ भागिले ६६६, म्हणजे ०.१६. पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर येते ५.६४. रोग दुर्मिळ असेल तर या आकड्याचा अर्थ सरळ सांगता येतो: जास्त पिणाऱ्याला हा कर्करोग होण्याची शक्यता साडेपाच पटींहून अधिक आहे.

चौकस विद्यार्थी इथे दोन शंका काढतील, आणि त्यांनी त्या काढाव्यातच. पहिली वयाची. म्हाताऱ्या माणसांना कर्करोग अधिक होतो. जास्त पिणारे मुळात वयाने मोठे असतील तर? वयोगट वेगळे करून पुन्हा गणित केले तेव्हा उत्तर ५.१६ आले. फारसा फरक पडला नाही. दुसरी शंका जास्त वजनदार आहे, ती तंबाखूची. पिणारा बहुधा ओढतोही, मग दोष कोणाचा? याचे उत्तर ट्युइन्स यांच्याच आकड्यांत आहे. दिवसाला १० ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू आणि ४० ग्रॅमपर्यंतच मद्यार्क घेणाऱ्याचा धोका १ धरला, तर तंबाखू तेवढीच ठेवून मद्यार्क ८० ग्रॅमच्या वर गेल्यास धोका १८ पट होतो. मद्यार्क कमी ठेवून तंबाखू २० ग्रॅमच्या वर नेली तर ५ पट. दोन्ही जास्त असतील तर? नुसती बेरीज होत असती तर आकडा २२ च्या आसपास यायला हवा होता. तो आला ४४. म्हणजे दारू स्वतंत्रपणे दोषी आहेच, शिवाय तंबाखूच्या हातात हात घालून ती आणखी घात करते. हा मुद्दा आपल्या देशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे; त्याकडे पुढे येऊच.

आता हे ८० ग्रॅम म्हणजे नेमके किती? दहा टक्के मद्यार्क असलेली एक लिटर वाइन घ्या. तीत १०० मिलिलिटर मद्यार्क असतो. मद्यार्काची घनता मिलिलिटरला ०.७८९ ग्रॅम, म्हणून वजन भरते सुमारे ७९ ग्रॅम. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा छापलेला असतो. तो इंग्रजी अमदानीतल्या 'प्रूफ' मापाचा वारसा आहे: १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क, आणि त्याच्या पाऊणपट म्हणजे ४२.८. लोक ज्याला 'क्वार्टर' म्हणतात त्या १८० मिलिलिटरच्या बाटलीत १८० गुणिले ०.४२८ गुणिले ०.७८९, म्हणजे जवळजवळ ६१ ग्रॅम मद्यार्क असतो. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असे म्हणणाऱ्यांसाठी दुसरे गणित: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. दोन बाटल्यांत ईल-ए-विलेनची मर्यादा ओलांडली जाते. बाटलीवरचे लेबल वाचून मद्यार्काचे वजन काढणे हा नववी-दहावीच्या वर्गासाठी घनतेचा उत्तम सराव आहे. (लेबल पुरे आहे, बाटली वर्गात आणायची गरज नाही!)

पेशीच्या आत काय घडते

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्येच, लियाँ शहरी आहे. कोणत्या पदार्थाने माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा तपासून ती पदार्थांची वर्गवारी करते. १९८८ साली तिने मद्याला पहिल्या वर्गात घातले. पुढच्या फेरतपासण्यांत मद्यातील इथेनॉल आणि मद्यपानातून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड यांचीही नावे त्याच वर्गात आली. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच वर्गात आहेत. या वर्गवारीविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. पहिला वर्ग म्हणजे पुरावा पक्का, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या वर्गातले सगळे पदार्थ सारखेच घातक असतात असे नव्हे. एका सिगारेटची बरोबरी एका पेगशी करणारी विधाने म्हणूनच आम्हाला पटत नाहीत. पण 'दारूने कर्करोग होतो असे काही जण म्हणतात' हे विधानही तितकेच चुकीचे आहे. इथे 'काही जण' उरलेले नाहीत. मद्याशी संबंध पक्का ठरलेले कर्करोग सात ठिकाणचे आहेत: तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदाशय, आणि स्त्रियांचे स्तन.

इथेनॉल हा छोटासा रेणू आहे. पाण्यात विरघळतो, पेशीच्या पडद्यातूनही आरपार जातो. यकृतातील एक विकर त्याचे दोन हायड्रोजन काढून घेते आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते. दुसरे विकर त्याचे रूपांतर अ‍ॅसिटेटमध्ये करते. अ‍ॅसिटेट निरुपद्रवी, व्हिनेगरचेच भावंड. सगळा घोटाळा मधल्या मुक्कामावर आहे. अ‍ॅसिटाल्डिहाइड अतिशय क्रियाशील असते. ते डीएनएमधील ग्वानिनला चिकटते, आणि कधीकधी डीएनएच्या दोन धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकते. पेशीचे विभाजन होताना हे दोन धागे सुटे व्हावे लागतात. जखडलेल्या जागी झिपर अडकावी तशी ही क्रिया अडते, गुणसूत्र तुटते, आणि दुरुस्ती करताना चुका राहून जातात. अशीच एखादी चूक पेशीच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या जनुकात राहिली की कर्करोगाच्या वाटेवरचे एक पाऊल पडते.

तोंडाचा आणि घशाचा संबंध काय, असे विचारले जाते. दारू तर यकृतात पचते. पण तोंडातले जिवाणूही इथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतात, आणि पुढची पायरी त्यांना नीट जमत नाही. घोट गिळून झाल्यावरही लाळेत ते रेंगाळते. शिवाय मद्यार्क हा चांगला द्रावक आहे. तंबाखूतील घातक द्रव्ये त्याच्या मदतीने तोंडाच्या अस्तरात सहज शिरतात. ब्रिटनीतल्या ४४ पटींमागचे एक कारण हे असावे. स्तनाच्या कर्करोगाची वाट थोडी निराळी: मद्यपानाने स्त्रियांच्या रक्तातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. यकृतात आधी सूज, मग चट्टे, मग सिरॉसिस आणि त्यातून कर्करोग, हा क्रम तर डॉक्टरांच्या ओळखीचाच आहे.

या साऱ्यात दारू कोणत्या जातीची, हा प्रश्न कुठेच आला नाही हे लक्षात घ्या. स्कॉच असो, देशी असो, हातभट्टी असो की द्राक्षाची वाइन, कर्करोगाच्या दृष्टीने मुख्य गुन्हेगार इथेनॉलच आहे. आपल्याकडे 'चांगली दारू' आणि 'वाईट दारू' असा भेद सर्रास केला जातो. मिथेनॉलच्या विषबाधेपुरता तो खराच आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. पण मिथेनॉल नसलेली, सीलबंद, महागडी दारू कर्करोगाच्या बाबतीत सुरक्षित आहे असा अर्थ त्यातून निघत नाही.

निसर्गाने केलेला प्रयोग

माणसांवर प्रयोग करता येत नाहीत. शंभर जणांना वीस वर्षे दारू पाजा आणि शंभरांना पाजू नका, असे कोणी करणार नाही. मग पिणाऱ्यांच्या आहारात, कष्टात, गरिबीत काही वेगळे असेल आणि त्यानेच कर्करोग होत असेल, ही शंका पूर्णपणे जाणार कशी? इथे निसर्गाने आपले काम केले आहे, आणि ही हकीकत आम्हाला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते.

जपान, चीन, कोरिया येथील बऱ्याच लोकांचा चेहरा एका पेल्यातच लालबुंद होतो, छातीत धडधडते, मळमळते. पूर्व आशियातील साधारण एक तृतीयांशाहून अधिक लोकांना हा त्रास होतो. जगभरात अशी सुमारे ५४ कोटी माणसे असावीत, असा अंदाज २००९ साली मांडला गेला. कारण एवढेच, की अ‍ॅसिटाल्डिहाइडचा निकाल लावणाऱ्या विकराच्या जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन बसते आणि विकर निकामी होते. हे विकर चार समान तुकडे जुळून बनते. आईकडून चांगले जनुक आले आणि वडिलांकडून बिघडलेले, तर निम्मे तुकडे चांगले व निम्मे वाईट तयार होतील. मग विकर निम्म्या शक्तीने चालेल असे वाटते. पण चारही तुकडे चांगले असण्याची शक्यता काढा: एक द्वितीयांशाचा चतुर्थ घात, म्हणजे सोळात एक. एखादा वाईट तुकडाही कामात खोडा घालतो, म्हणून शक्ती निम्म्याहून पुष्कळच खाली येते. संभाव्यतेच्या धड्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता लोकांचे तीन गट पडतात. दोन्ही जनुके चांगली असलेले नेहमीसारखे पितात. दोन्ही बिघडलेली असलेल्यांना एक पेलाही सोसवत नाही, ते जवळजवळ पीतच नाहीत. मधल्या गटातले काही जण त्रास सोसूनही पितात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या सारा लुईस आणि जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी २००५ साली अशा अनेक पाहण्यांची एकत्र छाननी केली. दोन्ही जनुके बिघडलेल्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका चांगली जनुके असलेल्यांच्या सुमारे एक तृतीयांशच होता. वास्तविक अ‍ॅसिटाल्डिहाइड हाताळण्यात हे लोक सर्वांत दुबळे, तरीही सुरक्षित. कारण ते पीतच नव्हते. मधल्या गटातील भरपूर पिणाऱ्यांचा धोका मात्र सातपट. आणि त्याच मधल्या गटातील न पिणारे? त्यांच्यात लक्षणीय वाढ नाही. आपल्याला कोणते जनुक मिळावे हे जन्माआधी ठरते; ते आहार, उत्पन्न किंवा तंबाखू पाहून वाटले जात नाही. म्हणून ही तुलना स्वच्छ आहे. दोष मद्यार्काचाच, आणि तोही अ‍ॅसिटाल्डिहाइडमार्फत, हे एकाच फटक्यात सिद्ध होते. पुढे २०१८ साली केंब्रिजमध्ये के. जे. पटेल यांच्या गटाने हे विकर नसलेल्या उंदरांना मद्यार्क दिला आणि त्यांच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींतील गुणसूत्रे तुटलेली प्रत्यक्ष दाखवली.

भारतात हा जनुकीय बदल क्वचितच आढळतो. म्हणून आपण सुरक्षित आहोत असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही जनुके चांगली असलेल्यांनाही धोका आहेच. ब्रिटनीतले शेतकरी काही जपानी नव्हते. आपल्याला फक्त चेहरा लाल होण्याची आगाऊ सूचना मिळत नाही, इतकेच.

आपला रकाना

'अमुक इतके कर्करोग दारूमुळे झाले' असे विधान वर्तमानपत्रात वाचले की प्रश्न पडतो, एकेका रुग्णाच्या बाबतीत हे ठरवले कसे? ते तसे ठरवता येतच नाही. पुन्हा ईल-ए-विलेनला जाऊ. २०० रुग्णांपैकी ९६ जास्त पिणारे. धोका ५.६४ पट, म्हणजे त्यातला १ वाटा न पिताही झाला असता आणि ४.६४ वाटे दारूचे. ९६ ला ४.६४ ने गुणा आणि ५.६४ ने भागा: ७९. म्हणजे २०० पैकी सुमारे ७९ रुग्ण, जवळजवळ ४० टक्के, तितके न पिण्याने टळले असते. ते ७९ जण नेमके कोण, हे कोणीच सांगू शकत नाही, पण संख्या सांगता येते.

याच पद्धतीने लियाँच्या संस्थेतील हॅरिएट रमगे व सहकाऱ्यांनी साऱ्या जगाचा हिशेब २०२१ साली मांडला. २०२० या वर्षी जगात मद्यपानामुळे झालेले नवे कर्करोग सुमारे ७ लाख ४१ हजार, म्हणजे एकूण नव्या कर्करोगांच्या ४.१ टक्के. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक पुरुष. दिवसाला २० ग्रॅमपर्यंतच, म्हणजे फार तर दोन लहान पेग, घेणाऱ्यांच्या वाट्याला त्यातले १ लाख ३ हजार आले. 'बेताने घेतली तर काही होत नाही' या समजुतीला या आकड्याने उत्तर मिळते. पण जवळजवळ निम्मे रुग्ण दिवसाला ६० ग्रॅमच्या वर पिणाऱ्यांतले होते, हेही सांगितले पाहिजे. ६० ग्रॅम म्हणजे किती, ते आपण मघाशी काढलेच आहे: एक क्वार्टर.

भारताचा आकडा सुमारे ६२ हजार १००. दिवसाला १७० नवे रुग्ण. मालवणीची बातमी देशभर झाली. ही रोजची बातमी कुठेच छापून येत नाही, कारण मृत्यू एका रात्रीत एका वस्तीत होत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार आपल्याकडे १५ वर्षांवरील १९ टक्के पुरुष आणि १ टक्का स्त्रिया दारू पितात. बहुसंख्य लोक पीतच नाहीत, मग ओझे एवढे कसे? याचे एक कारण, पिणारा बऱ्याचदा भरपूर पितो. दुसरे कारण तंबाखू. त्याच पाहणीत ३८ टक्के पुरुष तंबाखूचे सेवन करणारे होते. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गालाच्या आतील अस्तराच्या कर्करोगाचे १८०३ पुरुष रुग्ण आणि १९०३ निरोगी पुरुष यांची तुलना करून २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पद्धत तीच, ट्युइन्स यांची. पिणाऱ्यांना धोका ६८ टक्क्यांनी अधिक आढळला. स्थानिक दारू पिणाऱ्यांत तो जास्त होता, पण विलायती पिणारेही सुटले नव्हते. देशातील अशा कर्करोगांपैकी ११.५ टक्के मद्यामुळे होत असावेत असा त्यांचा अंदाज आहे. गालात तंबाखूची गोळी धरायची आणि वर दारू प्यायची, या जोडीचा परिणाम तर कितीतरी मोठा. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे खापर एकट्या तंबाखूवर फोडले जाते. तंबाखू मुख्य आरोपी आहे यात शंका नाही, पण साथीदार मोकळा सुटतो.

आता पैशांकडे वळू. टाटा रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मोजला. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णामागे १ लाख १७ हजार रुपये, पुढच्या अवस्थेत २ लाख ३ हजार. २०२० साली देशात फक्त तोंडाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी सुमारे २३८६ कोटी रुपये लागले, असा त्यांचा अंदाज. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांसारख्या योजनांमुळे शस्त्रक्रियेचा खर्च अनेक कुटुंबांच्या अंगावर पूर्ण येत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण परळच्या पदपथांवर आठवडेच्या आठवडे मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांचा प्रवास, जेवण, बुडालेली मजुरी, शेतात कोणी नसल्याने गेलेला हंगाम, हे कोणत्याच योजनेत बसत नाही. हा रोग ज्या वयात गाठतो ते बहुधा कमावते वय असते. पंचेचाळीस-पन्नाशीचा माणूस गेला की त्याने पुढे पंधरा वर्षे कमावले असते ते सारे जाते. अर्थशास्त्रज्ञ त्याला उत्पादकतेची हानी म्हणतात.

चंदीगड आणि दिल्ली येथील संशोधकांनी २०१९ मध्ये असा हिशेब देशासाठी केला. यकृताचे विकार, कर्करोग आणि रस्त्यावरील अपघात धरून, २०११ ते २०५० या काळात दारूमुळे आयुष्याची २५ कोटी ८० लाख वर्षे वाया जातील; आणि दारूवरील करांचे सर्व उत्पन्न वजा केल्यावरही देशाला दरवर्षी सरासरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.४५ टक्के तोटा होईल, असे त्यांचे गणित सांगते. तुलनेसाठी, २०१८-१९ मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून सरकारचा आरोग्यावरील सारा खर्च १.२८ टक्के होता. असे चाळीस वर्षांचे अंदाज गृहीतांवर उभे असतात आणि गृहीते बदलली की आकडा हलतो. दशांशचिन्हापुढच्या अंकांवर आम्ही फार विसंबणार नाही. पण बाजू उलटेल असे वाटत नाही. कारण मारहाण, घरातला छळ, शाळा सोडून कामाला लागलेले पोर, हे या हिशेबात धरलेलेच नाही. आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या बाईच्या श्रमांची किंमतही असल्या गणितात नीट धरली जात नाही.

राज्यांच्या अंदाजपत्रकात मात्र जमेचा रकाना ठळक असतो. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने दारूवरील उत्पादन शुल्क वाढवले, त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील असे सांगितले गेले. कर वाढवणे आरोग्याच्या दृष्टीने वाईट नाही. भाव वाढले की पिणे कमी होते हे अनेक देशांत दिसले आहे. अडचण वेगळीच आहे. जमा आणि खर्च यांची वर्षे जुळत नाहीत. रमगे यांनी २०२० चे कर्करोग मोजताना मद्यपानाचे आकडे २०१० चे घेतले होते, कारण पिणे आणि रोग यांत निदान दहा वर्षांचे अंतर पडते. आज विकलेल्या बाटलीचा कर याच मार्चअखेर तिजोरीत जमा होतो. तिच्यातून होणाऱ्या कर्करोगाचा खर्च २०३५ नंतर येईल, तो आरोग्य खात्याच्या नावावर पडेल, आणि त्यातला मोठा भाग कुठल्याच खात्यावर न पडता घरातच जिरेल. उत्पादन शुल्क खात्याचा अधिकारी आणि कर्करोग रुग्णालयाचा अधीक्षक यांनी आपापल्या वह्या एका टेबलावर ठेवण्याचा प्रसंगच येत नाही.

बाटलीवर काय लिहावे

अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी जानेवारी २०२५ मध्ये मद्य आणि कर्करोग यांवर एक सूचनापत्र काढले. त्यात दिले आहे की तंबाखूने कर्करोग होतो हे ८९ टक्के अमेरिकनांना ठाऊक आहे, मद्याने होतो हे फक्त ४५ टक्क्यांना. म्हणून बाटलीवर तसे स्पष्ट लिहावे, असे त्यांनी सुचवले. हे सोपे नसते. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात नोव्हेंबर २०१७ मध्ये संशोधकांनी व्हाइटहॉर्सच्या सरकारी दुकानातील बाटल्यांवर कर्करोगाचा इशारा देणारी चिठ्ठी लावायला सुरुवात केली. मद्य उत्पादकांच्या दबावामुळे महिन्याभरातच प्रयोग थांबला. पुढे तो सुरू झाला तेव्हा कर्करोगाची चिठ्ठी त्यात नव्हती. आयर्लंडने २०२३ साली कायद्याने असा इशारा सक्तीचा केला. तो मे २०२६ पासून लागू व्हायचा होता, आता २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलला आहे.

भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर मद्यसेवन आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन वाहन चालवू नका, अशा आशयाचा मजकूर छापावा लागतो. त्यात कर्करोग हा शब्द नाही. तंबाखूच्या पुडीवरचा इशारा मात्र चित्रासह असतो.

पिणे सोडल्याने काही फरक पडतो का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील. काहींच्या मनात तो घरातल्या कोणासाठी असेल. लियाँच्या संस्थेने २०२३ च्या अखेरीस याचाही पुरावा तपासला. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका पिणे कमी केल्याने किंवा सोडल्याने घटतो, याला पुरेसा पुरावा मिळाला. इतर काही ठिकाणच्या कर्करोगांबाबत पुरावा आहे, पण मर्यादित. मद्यार्क यायचा थांबला की त्यापासूनचे अ‍ॅसिटाल्डिहाइड काही तासांत संपते. पेशींची दुरुस्ती मात्र सावकाश चालते. धोका कमी व्हायला वर्षे जातात. तरीही तो कमी होतो.